‘मशीन हेड’, झेपलिनचा चौथा अल्बम की ‘डार्क साइड’: सुरुवात कोणत्या अल्बमने करावी?

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे रॉक संगीत सुट्या गाण्यांऐवजी पूर्ण अल्बम म्हणून ऐकायचे ठरवले, की पहिली निवड महत्त्वाची ठरते, कारण पहिल्याच अल्बमने मन धरले नाही तर पुढचे बहुधा ऐकलेच जात नाहीत. लेड झेपलिनचा चौथा अल्बम (नोव्हेंबर १९७१), डीप पर्पलचा ‘मशीन हेड’ (मार्च १९७२) आणि पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (मार्च १९७३) ही तीन नावे प्रत्येक शिफारशीत असतात. तिन्ही वाद्यवृंद इंग्लंडचे आणि तिन्ही अल्बम पाऊण तासाच्या आतले. परंतु ऐकणाऱ्याकडून त्यांची अपेक्षा अगदी वेगवेगळी आहे. ‘डार्क साइड’पासून सुरुवात करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माझे मत मात्र ‘मशीन हेड’च्या बाजूने आहे.

याचे कारण त्याच्या ध्वनिमुद्रणात आहे. डिसेंबर १९७१ मध्ये डीप पर्पल स्वित्झर्लंडमधील माँट्रो येथे ज्या कॅसिनोत ध्वनिमुद्रण करणार होते, तो अमेरिकी रॉक संगीतकार फ्रँक झप्पाच्या कार्यक्रमाच्या वेळी लागलेल्या आगीत जळून गेला. ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे गाणे त्याच घटनेचे वर्णन आहे. पुढे हिवाळ्यासाठी बंद असलेल्या एका हॉटेलाच्या मार्गिकेत गाद्या लावून, बाहेर उभ्या केलेल्या, रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाच्या मालकीच्या फिरत्या ध्वनिमुद्रण-ट्रकच्या साहाय्याने जवळजवळ सगळा अल्बम तयार झाला. ट्रकपर्यंत जाण्याची वाट इतकी अडचणीची होती, की प्रत्येक वेळी जाऊन ऐकण्याऐवजी वादकांनी आपल्या अंदाजावर विश्वास ठेवला. त्यामुळे येथे पाच माणसे एका जागी वाजवत आहेत हे सतत जाणवते. जॉन लॉर्डने हॅमंड ऑर्गन हे विजेवर चालणारे पट्ट्यांचे वाद्य गिटारच्या ॲम्प्लिफायरमधून वाजवल्यामुळे त्याचा आवाज रिची ब्लॅकमोरच्या गिटारइतकाच खरखरीत झाला आहे, आणि ‘हायवे स्टार’ व ‘लेझी’ या गाण्यांत या दोघांची जी जुगलबंदी चालते, ती समजण्यासाठी रॉकची कोणतीही पूर्वओळख लागत नाही. शब्दांच्या बाबतीत हा अल्बम तिघांत सर्वांत साधा आहे. ज्यांना काव्य हवे आहे त्यांना तो अपुरा वाटेल.

लेड झेपलिनने तोच ट्रक हॅम्पशायरमधील हेडली ग्रेंज या जुन्या घरासमोर उभा केला होता. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’साठी जॉन बॉनमचे ड्रम घराच्या दिवाणखान्यात न ठेवता जिन्याखालच्या उंच दालनात ठेवले गेले आणि माइक वरून टांगले गेले, तो भव्य, घुमणारा ठेका म्हणजे त्या वास्तूचाच आवाज आहे. हे मूळ १९२९ सालचे ब्लूज गाणे, ‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’ ही सँडी डेनी या इंग्लिश लोकगायिकेच्या साथीने गायलेली लोकगीताच्या वळणाची रचना आणि संथपणे चढत जाणारे ‘स्टेअरवे टू हेवन’ एकाच अल्बममध्ये असल्यामुळे येथे विविधता सर्वाधिक आहे, पण नवख्या श्रोत्याला एकसंध धागा लवकर सापडत नाही. मराठी श्रोत्याने ‘फोर स्टिक्स’कडे विशेष लक्ष द्यावे. बॉनमने हे गाणे प्रत्येक हातात दोन काठ्या धरून वाजवले आहे. शिवाय झेपलिनचे गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत येथील वादकांना घेऊन ते पुन्हा ध्वनिमुद्रित केले, आणि ते रूप २०१५ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही रूपे एकामागून एक ऐकण्यासारखी आहेत.

‘डार्क साइड’ तिघांत सर्वांत परिपूर्ण आहे, हे मी निःसंकोच मान्य करतो. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ॲलन पार्सन्स या अभियंत्याच्या मदतीने घडवलेल्या या अल्बममध्ये घड्याळे, नाणी, बोलण्याचे तुकडे आणि ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मधील क्लेअर टॉरीचे शब्दविरहित गायन एकमेकांत मिसळत जातात. रूपकाच्या सात मात्रा मोजण्याची सवय असलेल्याला ‘मनी’ची लय ओळखीची वाटेल आणि गिटारचा एकलवादनाचा भाग येताच ती चारांत कशी जाते, हेही लगेच कळेल. मात्र हा अल्बम अखंड शांतता मागतो. फोनच्या छोट्या स्पीकरवर किंवा गाण्यांचा क्रम बदलून तो ऐकल्यास त्यातील निम्मे काम वाया जाते. शिवाय त्यातून स्टुडिओची किमया समजते, पण त्या काळचा वाद्यवृंद एकत्र कसा वाजवत असे, हे तितकेसे समजत नाही. म्हणूनच तो शेवटी ऐकावा असे मला वाटते.

हेडफोन चांगले असतील, तासभर कोणी अडवणार नसेल आणि ओढा मुळातच शांत, विचारमग्न संगीताकडे असेल, तर हा क्रम उलटा करायला हरकत नाही. कोणताही अल्बम निवडला तरी प्रथम मूळ मिश्रणाचीच (म्हणजे वाद्ये व आवाज यांचा मेळ त्या वेळी जसा साधला होता तीच) प्रत ऐकावी. फ्रँक झप्पाचा मुलगा ड्वीझिल याने ‘मशीन हेड’चे केलेले आणि २०२४ मध्ये आलेले नवे मिश्रण ऐकण्याजोगे आहे, पण त्यातील फरक मूळ ध्वनी कानात बसल्यानंतरच नीट कळतो.