ॲग्रीसाठी दापोली की पुणे? दोन्हीकडे शिकलेल्या मुलीचं मत

मामेभावाच्या मुलीचा परवा फोन आला. "आत्या, बीएस्सी ॲग्रीच्या फॉर्ममध्ये वर काय टाकू? दापोली की पुणे?" मी मूळची बार्शीकडची. पदवीची चार वर्षं दापोलीला काढली आणि एमएस्सी पुण्याला केली. तिला फोनवर घाईत जे सांगितलं, तेच इथे नीट लिहिते. तिच्यासारखी बरीच मुलं सध्या याच पेचात असणार.

आधी पदवीचं बघू. दापोलीत १९७२ पासून कोकणचं वेगळं कृषी विद्यापीठ आहे. पुण्याचं कॉलेज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं, आणि ते शंभर वर्षांहून जुनं आहे. अभ्यासक्रमाचा गाभा दोन्हीकडे एकच. कृषी सेवेच्या परीक्षेत तुम्ही कुठल्या गावात शिकलात हे कुणी विचारत नाही. तेव्हा नावाकडे बघून ठरवू नका, चार वर्षं कशी जातील ते बघा.

दापोली लहान आहे. केळस्कर नाक्यावर गेलं की बाजार संपला, असं पहिल्या महिन्यात वाटतं. संध्याकाळी सातनंतर रस्ते निवांत होतात. बार्शीकडे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याहून जास्त तिथे एकट्या जुलैत पडतो. कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते, वह्यांची पानं मऊ पडतात. मेसमध्ये दोन्ही वेळा भात. मला ज्वारीच्या भाकरीची इतकी आठवण यायची की पहिल्या सेमिस्टरला घरी परत जायचं जवळजवळ ठरवलं होतं. घर लांब आणि जवळचं रेल्वे स्टेशन खेड, तेही एसटीने तासाभराच्या अंतरावर. सारखं घरी पळता येत नाही. ज्यांना दर पंधरा दिवसांनी आईवडिलांना भेटावंच लागतं, घरात आजारपण आहे, त्यांनी एवढ्या एका कारणासाठी जवळचं कॉलेज घ्यावं. त्यात काही कमीपणा नाही.

मग मी दापोलीच्या बाजूने का बोलते? कोय कलमामुळे, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या आंब्याच्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बांधून केलेल्या कलमामुळे.

जुलैत शेडमध्ये आम्हाला ओळीने बसवायचे. पुढ्यात पिशव्या, त्यांत पंधरा-वीस दिवसांची आंब्याची रोपं, पानं अजून तांबूस आणि लुसलुशीत. रोपाचा शेंडा वीतभराच्या आतच छाटायचा आणि उरलेल्या खुंटाला मधोमध उभी खाप द्यायची. कलमकाडी दोन्ही बाजूंनी तासून तिची पाचर करायची, ती खापेत अलगद बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. माझी पहिली दहाच्या दहा कलमं मेली. पाचर खडबडीत व्हायची, साल सालीला भिडायची नाही. आम्ही ज्यांना मावशी म्हणायचो त्या शेडवरच्या बाईंनी माझ्या हातातला चाकू घेतला, एका ओढीत काप घेतला आणि म्हणाल्या, "दोनदा फिरवलास की गेलं." तेवढं एक वाक्य मला पुस्तकातल्या पानापेक्षा जास्त उपयोगी पडलं. सप्टेंबरपर्यंत माझी निम्म्याहून जास्त कलमं फुटली होती. कोवळी कलमं सुकू नयेत म्हणून हवेत ओल लागते, आणि ज्या ओलीला मी कंटाळले होते तीच ती ओल.

आणि हे सगळं खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. सकाळी जांभ्या दगडातली काजूची लागवड बघायची, दुपारी भाताच्या खाचरात चिखल तुडवायचा, सुट्टीच्या संध्याकाळी हर्णैला जाऊन किनाऱ्यावरचा माशांचा लिलाव ऐकायचा. हापूस आणि नीलम यांच्या संकरातून काढलेला रत्ना आंबा याच विद्यापीठाचा, वेंगुर्ल्याच्या केंद्रावर तयार झालेला. हापूसमध्ये साका होतो, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा होतो; रत्नामध्ये होत नाही. हे मी वाचलं नाही, दोन्ही फळं कापून बघितलं. गावात दुसरं काही करायला नव्हतं म्हणून आम्ही रविवारीही बागेत जायचो. मैत्रिणी तिथेच झाल्या, त्या आजही आहेत.

पुण्याचं वेगळं. कॉलेज थेट शिवाजीनगरात. अळिंबीचा (मशरूमचा) प्रकल्प कॉलेजातच, हवामान विभागाचं शेतीविषयक काम जवळच. व्याख्यानं, प्रदर्शनं, कंपन्यांची माणसं, सगळं हाताशी. स्पर्धा परीक्षेचं ज्याचं पक्कं ठरलंय त्याला पेठांतल्या अभ्यासिका आणि सोबत अभ्यास करणारी मुलं दापोलीत मिळणार नाहीत. इंग्रजी बोलायची भीड माझी पुण्यातच गेली. कांदा, ऊस, द्राक्ष या आपल्या पठारावरच्या पिकांचं शिक्षण तिकडेच नीट होतं. घरची काळी जमीन कसायची असेल तर हा मुद्दा फार मोठा आहे. बार्शीला परतल्यावर मला जमिनीचा निचरा आणि ठिबक नव्याने शिकावं लागलं.

खर्चात मात्र फरक पडतो. हॉस्टेल मिळालं तर दोन्हीकडे निभतं. नाही मिळालं तर पुण्यात खोलीचं भाडं, डिपॉझिट आणि रोजचा प्रवास घरच्यांना जड जातो. माझ्याकडून एका खोलीमालकाने घेतलेलं डिपॉझिट शेवटपर्यंत परत आलं नाही. वडिलांनी ते कसं उभं केलं होतं ते मला माहीत होतं. पुण्यात दिवस कुठे गेला हेही कळत नाही. प्रॅक्टिकल संपलं की मुलं क्लासला पळतात, शेतात थांबायला कुणाला वेळ नसतो.

भाचीला मी असं सांगितलं: तुला फळबाग, काजू, रोपवाटिका यांत काही करायचं असेल तर दापोली वर टाक, पुणे एमएस्सीला आहेच. बारावीपासूनच कृषी अधिकारी व्हायचं डोक्यात असेल, किंवा बाबांची द्राक्षबाग पुढे चालवायची असेल, तर पुणे वर टाक आणि हॉस्टेलचा अर्ज पहिल्याच दिवशी भर. अजूनही ठरत नसेल तर फॉर्म लॉक करायच्या आधी दोन दिवस दापोलीला जाऊन ये. पाऊस जोरात असेल, शेडमध्ये कलमं बांधायचं काम चालू असेल. विचारून आत जा आणि एक कलम स्वतःच्या हाताने बांधून बघ.