बनगरवाडी: आबांना वाचून दाखवलेलं पुस्तक, पाचातले साडेचार स्टार

मला खरं सांगायचं तर गोडगोड काहीतरी पाहिजे होतं. पावसाळ्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी नुसतं डोळा जपा म्हणून सांगितलं होतं पण आजींनी त्याचा अर्थ परस्पर असा लावला की टीव्ही बंद, पेपर बंद, मोबाईल तर हातातच घ्यायचा नाही. आबा म्हणजे एसटीतले रिटायर कंडक्टर, आयुष्यभर माणसांत बोलत राहिलेला माणूस, तो काळा चष्मा लावून सांगलीतल्या विश्रामबागच्या बाल्कनीत नुसता बसून राहिला तर काय होणार, दोन दिवसांत आजींचं डोकं खाऊन झालं आणि तिसऱ्या दिवशी आजी आमच्या दारात. म्हणाल्या, तुझं ऑफिस सहाला सुटतं ना, मग जरा येऊन काहीतरी वाचून दाखवत जा ह्यांना, मी चहा देते.

मी हो म्हटलं आणि ऑनलाइन शोधायला लागले, म्हातारा माणूस, तरुण मुलगी, छोटं गाव, मन हलकं होईल असं. निघालं ते सगळं एका साच्यातलं. एक खडूस म्हातारा, त्याची बायको गेलेली, शेजारी कुणीतरी बडबडं राहायला येतं, एक मांजर असतं, आणि अडीचशे पानांनंतर म्हातारा हसतो. त्यातल्या एका अनुवादाची सात-आठ पानं मी आबांना वाचून दाखवली सुद्धा. आबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ह्या म्हाताऱ्याला पावणंरावळं कुणीच न्हाईत व्हय गं?" ते पुस्तक तिथंच मिटलं.

मग व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी. घरात नव्हती, शाळेत असताना त्यातला तुकडा वाचल्यासारखा वाटतोय पण पूर्ण कधीच नाही. आबा मूळचे आटपाडीकडचे, त्यामुळे मला वाटलं खूश होतील, तर म्हणाले, "आमच्याकडचंच लिवलंय की ते, त्यात काय वाचायचं?" तरी मागवली. ऑनलाइनच मागवली, सेलरचं नाव घेत नाही पण पार्सल म्हणजे नुसती प्लास्टिकची पिशवी, आत पुठ्ठा नाही काही नाही, वरचा कोपरा भिजून वाकडा झालेला आणि मधली चार पानं एकमेकांना चिकटलेली. रिटर्न टाकावं म्हटलं तर आबा म्हणाले ठेव, इस्त्री फिरव. फिरवली. जमलं.

आता पुस्तकाबद्दल. 1955 सालचं आहे, छोटंसंच, दीडशे पानांच्या आत संपतं, आणि पैसे म्हणाल तर एका पिझ्झ्यात येतं. गोष्ट एवढीच की एक पोरसवदा मास्तर, राजाराम विठ्ठल सौंदणीकर, औंध संस्थानातल्या एका धनगरांच्या वाडीवर शाळेत नेमला जातो. वाडी माणदेशात, म्हणजे पाऊस जिथं चुकूनच येतो तिथं. शाळा नावालाच, पोरं मेंढरांमागं. आणि वाडीचा जो म्हातारा कारभारी आहे, सगळ्यांचा न्यायनिवाडा करणारा, त्याच्या मनात आलं तर शाळा चालणार, नाहीतर मास्तरनं गाशा गुंडाळावा.

ह्या दोघांची जी काही मैत्री जमते त्याला मैत्री म्हणावं का असा मला पहिल्या पन्नास पानांत प्रश्न पडला होता. कारण कुणीच कुणाला मनातलं सांगत नाही. कारभारी पोरं धाडायला लावतो, मास्तर त्यांना अक्षरं शिकवतो, आणि हळूहळू अख्ख्या वाडीची कामं मास्तरच्या गळ्यात पडतात, कुणाचं पत्र लिही, बाजारातनं कुणाचं काय आण, कुणाचं भांडण ऐकून घे. म्हाताऱ्याला गाव कळतं, कागद कळत नाही. पोराला कागद कळतो, गाव कळत नाही. इतकं साधं आहे ते. आणि मला आवडलं ते हेच, की दोघं एकमेकांच्या उपयोगी पडतात म्हणून जवळ येतात, एकटेपणा बिकटेपणा असलं काही कुणी बोलत बसत नाही.

आणि मग बिनसतं. कारभाऱ्याची पोरगी अंजी मास्तरला चोळी शिवून आणायला सांगते, मास्तर बिचारा सरळ माणूस, बाजाराच्या बाकीच्या कामांसारखं हे पण एक काम, पण कारभाऱ्याच्या डोक्यात भलतंच शिरतं आणि म्हातारा बोलायचा बंद. भांडण नाही, शिव्या नाही, नुसता अबोला. तो भाग मी वाचत होते तेव्हा आबा खुर्चीत पुढं सरकून बसले. म्हणाले, "आता मास्तरचं काय खरं न्हाई. शिव्या देणारा म्हातारा परवडतो गं, गप झाला की गाव बी गप होतं." आता ही गोष्ट मला एकटीनं वाचताना कळली नसती हो, मी म्हटलं असतं गैरसमज आहे तर बोलून क्लिअर करा ना. गावात क्लिअर करायची सोय नसते, तुम्ही ज्याच्या जिवावर उभे आहात त्यानंच तोंड फिरवलेलं असतं.

आमचा पण असाच एक अबोला झाला मध्येच, तो सांगते. रोज दहा-बारा पानं व्हायची आणि मला काही दम निघेना, एका शनिवारी रात्री मी पुस्तक घरी आणलं आणि दोन वाजेपर्यंत जागून संपवून टाकलं. रविवारी संध्याकाळी गेले, जिथं थांबलो होतो तिथून वाचायला लागले, दोन पानं झाली नसतील आणि आबा म्हणाले, "थांब. तू फुडं वाचलंस." मी म्हटलं नाही. "आवाज बदललाय तुझा. काल त्या पोरास्नी हसत हुतीस, आज दया करायलीस." कंडक्टर माणूस, विनातिकीटवाला चेहऱ्यावरनं ओळखायची सवय. सोमवारी गेले तर आजी म्हणाल्या झोपलेत. मंगळवारी पण झोपलेले. बुधवारी मी हरभट रोडवरनं भडंग घेऊन गेले, मुद्दाम कागदाचा जोरात आवाज केला, तेव्हा आतून आले. काही बोलले नाहीत, खुर्ची तेवढी ओढली. 73 नंबरच्या पानावर तेलाचा डाग आहे तो त्या दिवसाचा.

पण आबांमुळं ह्या पुस्तकाची जी मजा आली ती वेगळीच. प्रत्येक पानावर थांबायचं. मी मेंढरांचा कळप म्हटलं की ते म्हणणार कळप नव्हं, खांड म्हण. वाघूर म्हणजे काय हे मला त्यांनी उशीचा अभ्रा पसरून आणि चमचे उभे करून दाखवलं, रात्री मेंढरं बसवायला खुंट्या ठोकून चारी बाजूंनी जाळी लावतात ती. आणि शेतकरी आपल्या रानात धनगराला मेंढरं बसवायला बोलावतो, फुकट नाही, धान्य नाहीतर पैसे देऊन, कारण एका रात्रीत रानाला लेंडीखत मिळतं, हे मला पंचवीस वर्षांत माहीत नव्हतं, आणि मी सांगलीची, पुण्यामुंबईची नाही. वाडीतल्या शेकूकडं एकच बैल असतो आणि त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी जू ओढते तो प्रसंग आला तेव्हा मला वाटलं आबा काहीतरी बोलतील. बोलले नाहीत. चहा गार झाला.

वाडीतली सगळी माणसं मिळून तालीम बांधतात तो भाग सगळ्यात आनंदाचा. कुणी दगड आणतं, कुणी लाकूड, आणि उद्घाटनाला खुद्द राजे येतात. इथं आबांची गाडी सुटली, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, त्यांना सूर्यनमस्काराचं कसं वेड होतं, शाळेतल्या पोरांना कसे घालायलाच लावायचे, आबांच्या वडलांनी घातलेले, त्यामुळं धनगरवाडीत राजा तालमीसाठी येतो ह्यात त्यांना काहीच नवल वाटलं नाही. मला वाटलेलं लेखकानं जरा जास्तच केलं. बरं, माडगूळकर स्वतः तिथलेच, 1927 चा जन्म, माडगूळ आटपाडी तालुक्यातलं आणि तेव्हा औंध संस्थानातलंच, म्हणजे ऐकीव लिहिलेलं नाही. चित्रं पण काढायचे, ते वाचताना कळतं. उजाड माळ, पहाटेचा अंधार, मेंढरांची धूळ हे दोन ओळीत संपवतात आणि तरी दिसतं.

न आवडलेलं पण सांगते, नाहीतर म्हणाल पेड रिव्ह्यू. एक म्हणजे मास्तर. सगळी वाडी डोळ्यासमोर उभी राहते, कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, तो नडणारा दादू बालट्या, पण मास्तर स्वतः कोण, रात्री एकटा पडल्यावर त्याला काय वाटतं, हे चिमटीनं दिलंय. काही जणांना तेच आवडेल, मला थोडं अजून पाहिजे होतं. दुसरं, अंजी. चोळीच्या प्रकरणात सगळं होतं तिच्यावरनं आणि तिचं म्हणणं कुणी विचारत नाही, मास्तर नाही, बाप नाही. मी हे आबांसमोर बोलले तर म्हणाले त्या वक्ताला असंच हुतं. आजी आतून ओरडल्या, "आता काय येगळं हाय?" अर्धा स्टार मी आजींच्या वतीनं कापलाय. आणि बोली. संवाद माणदेशी आहेत, आपल्या भागातल्यांना काही अडचण नाही, पण माझ्या नागपूरच्या मैत्रिणीला एक पान व्हॉइस नोट करून पाठवलं तर तिनं चार शब्दांचे अर्थ विचारले.

आणि हो, हे मनाला उभारी बिभारी देणारं पुस्तक आहे असं समजून घेऊ नका. पुढं दुष्काळ आहे. पाऊस येतच नाही, चारा संपतो, आणि मेंढरं जगवायची तर माणसांना वाडी सोडावी लागते. शेवटाचं ह्याच्यापुढं काही सांगत नाही. तो भाग वाचला त्या दिवशी बाहेर सांगलीत धो धो पाऊस, कृष्णेची पातळी किती झाली म्हणून सगळ्यांच्या मोबाईलवर मेसेज, 2019 च्या पुरानंतर आमच्याकडं पाऊस वाढला की पहिलं आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट चढलं ते बघतात, आणि इथं मी वाचतेय की थेंब नाही. आबा म्हणाले, जिल्हा एकच हाय बघ. आता आटपाडीत टेंभूचं पाणी गेलंय, कराडजवळनं कृष्णेचंच उचलून नेलेलं, डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत. पण त्यांच्या डोळ्यापुढं अजून जुनंच रान येतं, त्याला ऑपरेशन नाही म्हणाले.

अमोल पालेकरांनी 1995 ला ह्याच्यावर सिनेमा पण केलाय. आजींनी परवानगी दिल्यावर तो बघितला आम्ही, आबा अर्ध्यात घोरायला लागले, त्यामुळं सिनेमाबद्दल मी मत देत नाही.

कुणी घ्यावं? ज्यांना पटापट पुढं काय झालं असं लागतं त्यांनी नको, इथं एकेक माणूस येतो, बसतो, जातो. घरात गावाकडचं कुणी म्हातारं माणूस असेल तर मात्र घ्याच, आणि एकट्यानं वाचू नका, मोठ्यानं वाचा. लवकर संपवायची घाई करू नका, पंधरा दिवस लागू देत. तळटीपा तुम्हाला समोरूनच मिळतील. आणि शक्यतो दुकानात जाऊन, पानं उघडून बघून घ्या, पावसाळ्यात पार्सल मागवायच्या भानगडीत पडू नका.

माझीच कॉपी द्या म्हणून दोघातिघांनी मेसेज केलाय. ती माझ्याकडं नाही. दिवाळीत आबा गावाला गेले तेव्हा पिशवीत टाकून घेऊन गेले, तिथं त्यांच्या पुतण्यानं वाचायला ठेवून घेतली, पुतण्याकडं दीडशे मेंढरं आहेत आणि तो आता खांड घेऊन कुठंतरी खाली कोकणाकडं उतरलाय. आबांना विचारलं पुस्तक कधी येणार, तर म्हणाले पाऊस पडला की.