रात्रपाळीवाल्याच्या मनगटावर स्लीप स्कोअर: एक हंगाम वापरल्यानंतर

दिवाळीच्या सेलमध्ये हा फिटनेस बँड घेतला तेव्हा कारखान्याचा बॉयलर नुकताच पेटला होता. आता गाळप हंगाम उरकला, उन्हाळाही गेला, म्हणजे कामाचे दिवस आणि निवांत दिवस दोन्ही बँडने माझ्याबरोबर काढलेत. पावलं, पल्स, बॅटरी यांच्यावर रिव्ह्यू ढिगाने मिळतात. पाळीत काम करणाऱ्याला झोपेच्या गुणांचा अनुभव काय येतो, हे मात्र घेण्यापूर्वी कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. मेव्हण्याकडे आणि आमच्या लॅबमधल्या दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे बँड आहेत आणि रड थोड्याफार फरकाने सगळ्यांची तीच आहे.

मी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात शिफ्ट केमिस्ट आहे. हंगामात तीन पाळ्या: पहाटे ४ ते दुपारी १२, १२ ते रात्री ८, आणि ८ ते पहाटे ४. आठवड्याला पाळी फिरते. घर विश्रामबागला, म्हणजे जाण्यायेण्याचा वेळ वेगळाच.

हार्डवेअरबद्दल फारशी तक्रार नाही. बॅटरी आठवडाभर जाते. रात्रीचं ऑक्सिजन मोजणं चालू ठेवलं तर चार दिवसांत मान टाकते. रबरी पट्ट्याखाली घामाने पुरळ उठलं, म्हणून हरभट रोडवरून दोनशे रुपयांचा कापडी पट्टा आणला, तेव्हापासून त्रास नाही. बसल्या जागी पल्स बरोबर दाखवतो. मनगटावर बोटं ठेवून मोजून पाहिलंय, एकदोन ठोक्यांचा फरक पडतो.

आता झोप. रात्रपाळी करून मी पाचला घरी येतो. अंघोळ, पेलाभर दूध, आणि साडेपाचला आडवा. साडेअकरापर्यंत गाढ झोप लागते. जेवण झालं की दुपारी पुन्हा तासभर पडतो. मिळून सात तास होतात. उठल्यावर अंग हलकं असतं, डोळे चुरचुरत नाहीत. आणि अ‍ॅप उघडलं की शंभरपैकी ५४ गुण, 'अपुरी झोप'. दुपारचा तास 'डुलकी' म्हणून एका कोपऱ्यात पडलेला, गुणांत धरलेलाच नाही. खाली सल्ला: झोपायची वेळ रोज एकच ठेवा. त्यावर कडी म्हणजे रात्री सव्वादहाला मनगट थरथरतं, स्क्रीनवर चंद्र उगवतो आणि 'झोपायची तयारी करा' असा निरोप येतो. त्या वेळी माझ्या हातात मिक्स्ड ज्यूसचा, म्हणजे उसाच्या कच्च्या रसाचा नमुना असतो आणि साखर शिजते त्या पॅनवरून फोन वाजत असतो. निरोप बंद करता येतो, केलाही. गुण काही बंद होत नाहीत.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, आणि मी जनरल शिफ्टला आलो, तेव्हा खरी गंमत झाली. पहिल्याच आठवड्यात गुण ऐंशीच्या वर. एप्रिल-मे सांगलीत कसे असतात ते सांगायला नको. पंखा गरम हवा फिरवतोय, मध्येच लाईट जातेय, लाईट गेली की डास. रात्रीतून दोनदा उठून गच्चीवर जायचं, सकाळी डोकं जड. आणि बँड म्हणतोय ८३, 'छान झोप!', कारण मी रोज साडेदहाला आडवा होत होतो आणि सहाला उठत होतो. थंडीत मेहनत करून मिळवलेली झोप नापास, उन्हाळ्यातली तळमळ पहिल्या वर्गात पास. तेव्हा लक्षात आलं की हा आकडा माझ्या झोपेला कमी आणि माझ्या हजेरीपत्रकाला जास्त लागू आहे.

माझं पोट आकड्यांवर चालतं, म्हणून हे जास्त खटकतं. लॅबमध्ये रसाचा ब्रिक्स (विरघळलेले एकूण घन पदार्थ) बघतो, पोलॅरिमीटरवर पोल (त्यातली साखर) घेतो, पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणलं की प्युरिटी. हे सूत्र लॅबमध्ये नव्याने आलेल्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात. ब्रिक्सच्या आकड्याला तापमानाची दुरुस्ती केल्याशिवाय तो वहीत चढत नाही. उताऱ्याच्या, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली त्याच्या, दशांशावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात. एफआरपीचा (सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दराचा) पायाभूत उतारा १०.२५ टक्के आहे, त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला जादा दर. त्यामुळे आकडा कुठून आला हे कुणीही विचारू शकतो आणि आम्हाला दाखवावं लागतं. बँडचा ५४ कुठून आला? अ‍ॅपमध्ये एवढंच लिहिलंय की वेळ, झोपेचे टप्पे, पल्स आणि नियमितपणा 'लक्षात घेतले जातात'. कशाला किती वजन, ते नाही. मी कंपनीला ईमेल केला. उत्तरात तेच चार शब्द परत आले, आणि शेवटी नियमित वेळी झोपायचा सल्ला.

टप्प्यांचं तर त्याहून अवघड आहे. 'डीप ४२ मिनिटे, आरईएम १ तास १३ मिनिटे' (डीप म्हणजे गाढ झोप, आरईएम म्हणजे स्वप्नांची) असं मिनिटापर्यंत लिहून येतं, त्यामुळे वाटतं की आत काहीतरी सूक्ष्म मोजमाप चाललंय. प्रत्यक्षात टप्पे ओळखायला बँडकडे दोनच गोष्टी आहेत: हालचाल टिपणारा सेन्सर, आणि त्वचेत हिरवा प्रकाश टाकून रक्ताच्या लहरीवरून पल्स ओळखणारा सेन्सर. झोपेचे टप्पे ठरतात ते मेंदूच्या लहरींवरून. स्लीप लॅबमध्ये डोक्याला, डोळ्यांच्या बाजूला आणि हनुवटीला इलेक्ट्रोड लावतात, रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडतात आणि एकेका तुकड्याला टप्पा देतात. तेही प्रशिक्षित माणसांनी केलं तरी दोघांचं प्रत्येक तुकड्यावर एकमत होत नाही. बँड पल्सच्या चढउतारावरून आणि हात हलतोय की नाही यावरून त्याच टप्प्यांचा अंदाज बांधतो. अंदाज म्हणून मला मान्य आहे. पण मग 'साधारण पाऊण तास' म्हणा, ४२ कशाला?

निपचित पडलेला माणूस जागा की झोपलेला, हे तर त्याला नीट ओळखता येत नाही. फेब्रुवारीत वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन मिरजेत झालं. ऑपरेशनच्या रात्री मी त्यांच्या कॉटशेजारी खुर्चीत बसून होतो. सलाईनकडे बघायचं, बाबा कण्हले की पुढे वाकायचं, बाकी हातावर हात. डोळा लागला नाही. सकाळी बँडने पाच तास 'लाईट स्लीप' लिहून ठेवली होती आणि ७१ गुण दिले होते, म्हणजे माझ्या कुठल्याही रात्रपाळीच्या झोपेपेक्षा जास्त. बायकोला दाखवलं तर म्हणाली, "अहो, मग डबा आणायला मला कुणी पाठवलं, झोपेतच बोलत होतात का?"

मध्येच एक अपडेट आला. तोपर्यंत माझी डीप स्लीप दीड तासाच्या आसपास असायची, दुसऱ्या दिवसापासून ती पन्नास मिनिटांवर आली. गादी तीच, माणूस तोच, पाळी तीच. गणित बदललं होतं. बदलू दे की, पण जुना आलेख आणि नवा आलेख एकाच रेषेत जोडून दाखवलाय, कुठे खूण नाही. आमच्याकडे नमुना तपासायची पद्धत बदलली तर रजिस्टरला तारखेसह लाल शाईत नोंद होते, नाहीतर पुढचा माणूस उतारा का पडला म्हणून शेतात ऊस बघायला जायचा.

सगळ्यात काळजीचं प्रकरण बॉयलरवरच्या तात्यांचं. मुलाने हौसेने बँड घेऊन दिला. तात्या घोरतात ते शेजारच्या क्वार्टरला ऐकू जातं, आणि दुपारी बसल्या बसल्या पेंगतात. बँड रोज ऐंशीच्या घरात गुण देणार. "सायेब, ह्यो म्हनतोय म्या झ्याक झोपतुय," म्हणून मलाच दाखवायचे. घरच्यांनी मागे लागून डॉक्टरकडे नेलं, तपासणीत स्लीप अ‍ॅप्निया निघाला, झोपेत श्वास अडकत होता. तासाला असे पाच किंवा जास्त प्रसंग असले तर डॉक्टर दखल घेतात, तीसच्या वर तीव्र. तात्यांचे त्याच्या वर होते. आता रात्री सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) लावून झोपतात. बँडने त्यांना खोटं सांगितलं असंही नाही. श्वास अडकतोय का हे तो बघतच नव्हता, आणि तरी 'उत्तम' लिहीत होता. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१८ मध्येच जाहीर केलंय की अशी घरगुती साधनं निदानासाठी धरू नयेत. हे वाक्य अ‍ॅपमध्येही आहे, तळाशी, मुंगीच्या अक्षरात.

आता बँडची बाजूही मांडतो. नियमितपणाचे गुण कापणं हे निराधार नाही. शरीराचं घड्याळ खरंच असतं, त्याच्या यंत्रणेवरच्या कामाला २०१७ चं नोबेल मिळालंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्ये आणि परत २०१९ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलंय. तेव्हा फिरत्या पाळीने शरीराची ओढाताण होते हे बँडने सांगितलं तर मी ऐकून घेईन. त्यासाठी वेगळा रकाना करा. झोप किती आणि कशी झाली याच्या गुणांत पाळी मिसळली की दोन्हीपैकी काहीच कळत नाही. आणि पाळी बदलणं माझ्या हातात कुठे आहे? माझ्या हातात होतं ते सहा तास नीट झोपणं, आणि ते केलं तरी रोज सकाळी नापासाचा शेरा. जानेवारीत एक वेळ अशी आली की उठल्यावर आधी मोबाईल बघायचो, आणि ५४ दिसला की बरं वाटत असलेलं अंगही दुखायला लागायचं.

त्यानंतर गुणांचं कार्डच होम स्क्रीनवरून काढलं. उरलेल्या दोन गोष्टी मात्र कामाच्या निघाल्या. एक, आडवा कधी झालो आणि उठलो कधी. पहाटेच्या पाळीला तीनला उठायचं म्हणून मी स्वतःला 'नऊला झोपणारा' समजत होतो. नोंद दाखवत होती दहा-सव्वादहा. म्हणजे जेमतेम पाच तास. आता त्या आठवड्यात दुपारी ठरवून झोपतो. दुसरी, झोपेतली पल्स. माझी एरवी ५८-६०. कुणाच्या वास्तुशांतीचं उशिरा मटण झालं की त्या रात्री ६८ च्या खाली उतरत नाही, आणि ताप यायच्या आदल्या रात्रीही ती चढलेली होती. रात्रपाळीत पहाटे तीनचा चहा सोडला तेव्हा झोप लवकर लागते हेही नोंदींतूनच दिसलं. कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, तीनचा चहा साडेपाचला अंगात असणारच.

ऑफिसची नोकरी असेल तर हा बँड तुम्हाला खूश ठेवेल. कारखाना, एसटी, हॉस्पिटल, पोलीस, कुठेही फिरती पाळी असेल तर पल्स आणि वेळेच्या नोंदीसाठी घ्या, गुणांकडे बघू नका. कुणी घोरत असेल, दिवसा पेंगत असेल, तर बँड न घेता सरळ डॉक्टरकडे जा. मला अठ्ठावीसशेला पडला. झोप सुधारावी म्हणून याहून महागाचा बघत असाल तर ते वरचे पैसे खिडकीच्या जाड, काळ्या अस्तराच्या पडद्यांत घाला. मी गणपती पेठेतून कापड आणून शिवून घेतले, आणि दिवसाची झोप सव्वाचार तासांवरून सहावर गेली ती त्यांच्यामुळे. मापं घेताना पडदा चौकटीच्या दोन्ही बाजूंना वीतभर जास्त ठेवायला सांगा, नाहीतर फटीतून ऊन बरोबर डोळ्यांवर येतं.