वाचलेलं-पाहिलेलं नोंदवायला गुडरीड्स की लेटरबॉक्स्ड?

सिनेमांसाठी लेटरबॉक्स्ड निःसंशय उत्तम. २०११ पासून चालू असलेल्या या सेवेत अर्धा तारा देता येतो, पाहिल्याची तारीख आणि पुन्हा पाहिल्याची खूण डायरीत राहते. वर्षअखेरीचा तपशीलवार आढावा मात्र पैसे भरणाऱ्यांनाच मिळतो. चित्रपटांची माहिती टीएमडीबी या ऑनलाइन चित्रपट-माहितीसाठ्यावरून येते, त्यामुळे एखादा जुना मराठी चित्रपट सापडला नाही, तर आधी तिथे भरावा. जुनी यादी सीएसव्ही फाइलने (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) चढवता येते. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच हवी आणि एक्सेल ती परस्पर बदलतं, म्हणून फाइल चढवण्यापूर्वी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहा. जतन करताना यूटीएफ-८ ही अक्षरांची सांकेतिक पद्धत (एन्कोडिंग) निवडली नाही, तर देवनागरी शेऱ्यांची प्रश्नचिन्हं होतात.

पुस्तकांसाठीच्या गुडरीड्सबद्दल इतकं प्रेमाने लिहवत नाही. २०१३ पासून ते अ‍ॅमेझॉनकडे आहे, आणि अर्धा तारा अजूनही नाही! मराठी वाचकाला खरा त्रास दुहेरी नोंदींचा: एकच पुस्तक रोमन आणि देवनागरीत वेगवेगळं दिसतं, अभिप्राय विखुरतात. शोधताना दोन्ही लिप्या वापरा, आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक) असेल तर थेट तोच टाका. ‘वाचून झालं’ असं नोंदवल्यावर शेवटची तारीख तपासा. ती चुकली की पुस्तक भलत्याच वर्षाच्या हिशोबात जातं.

पाव ताऱ्याचा फरकही महत्त्वाचा वाटत असेल, तर पुस्तकं नोंदवायची दुसरी सेवा, स्टोरीग्राफ, घ्या. गुडरीड्सची निर्यात केलेली फाइल ते थेट स्वीकारतं.