पुरानंतरची पंचनामा सेवा: एका धान उत्पादकाचा अभिप्राय

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून सुटलेले पाणी आणि गोसीखुर्द धरणाचे उघडलेले सर्व ३३ दरवाजे यांमुळे वैनगंगेला जो महापूर आला, त्यात ब्रह्मपुरी तालुक्यातील आमच्या बांध्याही (धानाची बांध घातलेली शेते) बुडाल्या. त्यानंतर मिळालेल्या शासकीय सेवेविषयीचा हा अभिप्राय आहे.

तलाठी गुडघाभर चिखल तुडवत बांधीत उतरले, धानाचे एक रोप उपटून त्यांनी त्याची काळी पडलेली मुळे बोटांनी चोळून पाहिली आणि नुकसान ३३ टक्क्यांपेक्षा कमी भरल्यास निकषानुसार मदत मिळणार नाही, हे आडपडदा न ठेवता सांगितले. बातमी कडू होती. तरीही गावाला माणूस पटला.

आठवडाभराने आलेल्या नेत्यांचा दौरा मात्र डांबरी रस्त्यावरच आटोपला. गाडीची काच अर्धी खाली करून ‘एकही शेतकरी वंचित राहणार नाही’ असे आश्वासन त्यांनी दिले (छायाचित्रापुरते ते खाली उतरले, हेही नमूद केले पाहिजे). यादीत निम्मी नावे नसल्याचे कळल्यावर त्या आश्वासनाची चावडीवर थट्टा झाली, आणि पुढच्या पावसाळ्यात नदीकाठ सोडण्याची सूचना आली, तेव्हा लोकांनी आधी तलाठ्यांना फोन करून खात्री केली आणि मगच गुरे सोडली.

पंचनाम्याला पाचपैकी चार गुण; यादीतील नाव दुरुस्त करण्यासाठी तालुक्याला तीन खेपा झाल्या, म्हणून एक कमी. दौऱ्याला शून्य.