आधी पंखे बदलावेत की छतावर सोलर बसवावं? दोन्हींचा हिशेब

फेब्रुवारी 2024 मध्ये घराच्या छतावरच्या सोलरला अनुदान देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली आणि तेव्हापासून गावोगावी छतांवर पॅनेल दिसू लागली. अनुदान भक्कम आहे: पहिल्या दोन किलोवॉटला किलोवॉटमागे 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, म्हणजे तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला एकूण 78,000. पण देशाच्या ऊर्जा धोरणाची दुसरी, जुनी बाजू आहे वीजबचतीची. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा, ऊर्जा दक्षता ब्युरो 2002 पासून कामाला लागला आणि उपकरण किती वीज वाचवतं हे सांगणारे लेबलवरचे तारे 2006 पासून दिसू लागले. हाताशी पैसे मर्यादित असतील तर आधी कुठल्या बाजूला घालावेत, हा प्रश्न अनेक घरांत चालू आहे. माझं मत ठाम आहे: महिन्याला 300 युनिटांच्या आत वापर असेल तर आधी बचत, मग सोलर. त्यापुढे वापर असेल आणि स्वतःचं छत असेल तर सोलरला थांबू नये.

याचं कारण बिलाच्या टप्प्यांत आहे. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटांचा दर एक आणि 101 ते 300 चा वेगळा. वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचं युनिटमागचं शुल्क) धरला तर दुसरा जवळपास दुप्पट पडतो. तुम्ही वाचवलेलं प्रत्येक युनिट वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतं. (मुंबई शहरात वीजकंपनीनुसार दर बदलतात, पण टप्प्यांची रीत तीच.)

एक घर घेऊ. उन्हाळ्यात 175 युनिट वापर, तीन जुने पंखे, प्रत्येक दिवसाला बारा तास चालणारा. जुना पंखा साधारण 75 वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 30 च्या आसपास. म्हणजे एका पंख्यामागे रोज अर्धा युनिट, तीन पंख्यांमागे महिन्याला सुमारे 50 युनिट वाचले. ही सगळी 50 युनिटं महाग टप्प्यातली, एकेकाची किंमत दहा रुपयांच्या वर. पंखा अडीच-तीन हजारांना मिळतो. थंडीचे महिने वगळले तरी दोन वर्षांच्या आसपास पैसे वसूल होतात, आणि भाड्याच्या घरातून निघताना पंखे काढून सोबत नेता येतात.

आता त्याच घराने थेट सोलर घेतलं तर? एक किलोवॉटचं पॅनेल आपल्याकडे वर्षाची सरासरी धरून रोज चारेक युनिट देतं, महिन्याला 120. म्हणजे 175 युनिटांसाठी दीड-दोन किलोवॉट लागणार. पंखे आधी बदलले तर वापर 125 वर येतो आणि एकच किलोवॉट पुरतो. मात्र त्या 120 युनिटांतली बहुतेक आता स्वस्त टप्प्यातली आहेत, त्यामुळे सोलरची वसुली चार-पाच वर्षांवर जाते. सौदा तरीही वाईट नाही, फक्त घाईचा राहत नाही.

375 युनिटांच्या घराचं गणित उलटं. एसी, गिझर, पाण्याची मोटर असलेल्या घराला तीन किलोवॉट नीट बसतात. दीड ते दोन लाखांचा खर्च, त्यातून 78,000 परत. महागडी युनिटंच जास्त असल्याने उरलेली रक्कम तीन-चार वर्षांत निघते आणि पॅनेलवर वीजनिर्मितीची हमी सहसा 25 वर्षांची असते. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर तेवढा टिकत नाही. मध्ये एकदा बदलावा लागेल, तो खर्च आत्ताच धरून ठेवा.

सोलरबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. बॅटरी नसलेली, ग्रीडला (वीजकंपनीच्या तारांच्या जाळ्याला) जोडलेली यंत्रणा लाइट गेली की बंद पडते, भर दुपारीसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. भारनियमनावर उपाय म्हणून सोलर घेत असाल तर हा हिशेब तुमच्या कामाचा नाही. बॅटरीसह किंमत विचारा.

आणि रात्रीचं काय? पंखा सर्वांत जास्त रात्री चालतो, पॅनेल फक्त दिवसा. नेट मीटरिंगमुळे तुमच्या बिलात दिवसाची वीज रात्रीच्या वापरातून वजा होते, पण देशासाठी ती वजाबाकी इतकी सोपी नाही. दिवसा सौरऊर्जा वाढते आहे, संध्याकाळी सूर्य मावळल्यावर भार अजून मुख्यतः कोळशावरच येतो. रात्री कमी वीज खाणारा पंखा तिथे थेट भार हलका करतो. म्हणून बचतीला धोरणात आज मिळतं त्याहून मोठं स्थान मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. एलईडी बल्ब स्वस्तात देणाऱ्या केंद्राच्या उजाला योजनेने हे करून दाखवलंय: 2015 पासून घाऊक खरेदीच्या जोरावर एलईडी बल्बची खरेदी किंमत तीनशेवरून चाळीसच्या आत आली, ग्राहकाला थेट अनुदान न देता.

फ्रीजच्या बाबतीत मात्र घाई नको. चालू फ्रीज फक्त बचतीसाठी बदलणं सहसा परवडत नाही. तो बिघडला की बदला. तेव्हा दुकानात ताऱ्यांकडे पाहून थांबू नका. लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा छापलेला असतो, आणि लेबल कोणत्या काळासाठी वैध आहे तेही. निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलचे पाच तारे आजच्या पाचांइतके नसतात. सारख्याच लिटरच्या दोन फ्रीजचे युनिटांचे आकडे शेजारी ठेवून बघा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना गच्ची सामायिक असते. तिथे सोसायटीने लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी सोलर घ्यावं. त्याला किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. स्वतःच्या घरात तोवर पंखे बदलून घ्या.

सोलरचं ठरलंच तर आधी बिलावरचा मागच्या बारा महिन्यांचा वापर बघा आणि सर्वांत मोठ्या महिन्यावर नव्हे, सरासरीवर किलोवॉट ठरवा. वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांचे मिळतात ते पैसे फारच थोडे असतात. किलोवॉटमागे साधारण 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. पाण्याच्या टाकीची सावली सकाळी दहाला आणि दुपारी तीनला कुठे पडते, हे विक्रेता यायच्या आधी स्वतः गच्चीवर जाऊन पाहा. अनुदानासाठी पॅनेल भारतात बनवलेल्या सेलचेच हवेत आणि विक्रेता योजनेच्या यादीतला हवा. या दोन्ही गोष्टी आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी घ्या.