राखाडी कुटुंब की गुलाबी हसू? दोन चिनी प्रिंट आणि एक भिंत

फ्रेमिंगच्या दुकानात लोक चित्र घेऊन येतात. गेल्या महिन्यात एक जोडपं हात हलवत आलं आणि मोबाइलवर दोन फोटो दाखवले. एक चिनी चित्रकार झांग श्याओगांगचा लिथोग्राफ (दगडावर चित्र काढून छापलेला प्रिंट), दुसरा त्याच्याच देशाच्या युए मिनजुनचा. दोन्ही विक्रीला, दोन्हींवर पेन्सिलीची सही. "काका, कुठलं घेऊ?" मी काचा-पट्ट्या कापणारा माणूस, समीक्षक नव्हे. पण दोघांचेही प्रिंट माझ्या टेबलावर उघडून झालेत, त्यामुळे तोंड उघडायचा थोडा हक्क आहे.

मूळ कॅनव्हासचा विषय एका वाक्यात संपतो. झांगचं 1995 सालचं 'ब्लडलाइन: बिग फॅमिली नं. 3' 2014 मध्ये हाँगकाँगच्या लिलावात 9 कोटी 42 लाख हाँगकाँग डॉलरला गेलं. युएचं 'एक्झिक्यूशन', तेही 1995चंच, 2007 मध्ये लंडनला सुमारे 29 लाख पौंडांना. प्रिंट मात्र लाखांच्या हिशेबात बसतात, म्हणून तुलना त्यांचीच.

झांगचा जन्म 1958चा, कुनमिंगचा. 1992 मध्ये तो काही महिने जर्मनीत राहिला, परतल्यावर घरात आईच्या तरुणपणीचे फोटो हाती लागले आणि तिथून 'ब्लडलाइन' सुरू झालं. स्टुडिओत टच-अप केलेल्या जुन्या फोटोंसारखे गुळगुळीत राखाडी चेहरे, आई-बाप-मूल सगळ्यांचा साचा एकच. कधी मधलंच मूल लाल किंवा पिवळं. जवळून पाहा: डोळे ओले वाटतात, गालावर उन्हाचा एक चुकार डाग पडलेला असतो, आणि केसासारखी बारीक लाल रेघ एका माणसातून निघून दुसऱ्यात शिरते. ती नाळ आहे की दोरखंड, झांग सांगत नाही. हे अतिवास्तव फार हळू चढतं. पहिल्या दिवशी साधा फॅमिली फोटो वाटतो, आठवड्यानं त्या खोलीत एकटं बसवत नाही.

युएचं उलट. जन्म 1962, दाचिंगचा. स्वतःचाच चेहरा, गुलाबी कातडी, मिटलेले डोळे, जबड्यात मोजता येणार नाहीत इतके दात. 'एक्झिक्यूशन'मध्ये चड्डीवरची माणसं हसत उभी आहेत आणि त्यांच्यावर नेम धरणाऱ्यांच्या हातात बंदुकाच नाहीत. ली श्यानतिंग या समीक्षकानं या पिढीला 'सिनिकल रिअ‍ॅलिझम', म्हणजे कुत्सित वास्तववाद, असं नाव दिलं. युएला ते लेबल फारसं रुचत नाही. त्याचं चित्र दारातच तुमचा हात धरतं. गंमत अशी की तोच चेहरा त्यानं इतक्यांदा वापरलाय की सहा महिन्यांत तो तुमच्या घरचा कॅलेंडर होऊ शकतो. मला तरी झाला असता.

झांगची अडचण वेगळी. जोडप्यातल्या बाईंनी फोटो बघताक्षणी सांगितलं, "हार घातला की श्राद्धाचा फोटोच दिसेल." खरं आहे. आपल्याकडे भिंतीवरच्या राखाडी चेहऱ्याचा अर्थ ठरलेला असतो. पाहुणे दबक्या आवाजात "कोण गेलं?" विचारणार, हे धरूनच चाला. देवघराशेजारी लावू नका, जेवणाच्या टेबलासमोर तर नकोच.

खरेदीच्या दृष्टीनं मात्र दोघांना एकच परीक्षा. खालच्या समासात पेन्सिलीनं 37/99 असा आकडा, म्हणजे 99 प्रतींतली 37वी, आणि सही असते. छापलेली सही म्हणजे पोस्टर. भिंगातून पाहिलं की लिथोग्राफमध्ये खडूसारखा अनियमित कण दिसतो. रंगीत ठिपक्यांची नीट जाळी दिसली तर साधी छपाई समजा. युएच्या सपाट, भडक रंगात हा फरक नवशिक्याला पटकन कळत नाही. झांगच्या राखाडीत लगेच कळतो. कागदाच्या मागचा फोटो मागाच, कारण तपकिरी डाग पुढून माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, लपतात. आणि समास शाबूत हवा. एकदा एक गिऱ्हाईक सहीचा प्रिंट म्हणून फ्रेम घेऊन आलं. मी पाठ उघडली. आधीच्या फ्रेमवाल्यानं चित्र पट्टीत बसावं म्हणून खालची चार बोटं कागद सरळ कापून टाकला होता, उरलेला गोंदानं प्लायला चिकटवलेला. आकडा गेला, सही गेली. त्या माणसाला ते सांगणं माझ्यावर आलं.

मोबाइलवर तिसराही एक फोटो निघाला, थोडा लाजत: "हाताने रंगवलेलं ऑइल", किंमत प्रिंटच्या एक-दशांश. असा माल शेन्झेनजवळच्या दाफेन गावासारख्या ठिकाणाहून येतो. 1989च्या सुमारास हाँगकाँगच्या एका व्यापाऱ्यानं तिथे नकलांचा धंदा बसवला आणि जगभर माल गेला. नक्कल म्हणून, नकलेच्या भावात घ्या, हरकत नाही. त्यासोबत येणाऱ्या सोनेरी सर्टिफिकेटला मात्र फ्रेम करून मागू नका.

माझं मत विचाराल तर राहत्या घरात झांग. त्याची लाल रेघ दहा वर्षांनीही शोधावी लागते. वकिलाचं ऑफिस, दवाखान्याची वेटिंग रूम, जिथे माणूस वीस मिनिटं बसून निघून जातो, तिथे युए झकास. दोन्हींना आम्लमुक्त माउंट, अतिनील किरण अडवणारी यूव्ही काच आणि भिंतीपासून बोटभर अंतर द्या. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बाहेरची भिंत टाळाच, कागदाला बुरशी आठ दिवसांत धरते.

जोडप्यानं विक्रेत्याकडे झांगच्या पाठीचा फोटो मागितलाय. तीन आठवडे झाले, अजून पुढचाच फोटो येतोय, दर वेळी जरा जास्त उजेडात.